बारावी झाली, मुलगा म्हणतो कॉलेज नको, आयटीआय करतो. काय करावं?

वैदेही_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे. धाकटा यंदा बारावी सायन्स, अ गट, पास झाला. ६३ टक्के. गुजसेटमध्येही (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) यथातथाच. सरकारी इंजिनिअरिंगला नंबर लागत नाही हे आता दिसतंच आहे. खाजगी कॉलेजात मिळेल, फी झेपेल पण ओढाताण होईल. नाहीतर इथल्या एम.एस. (महाराजा सयाजीराव) विद्यापीठात बी.एस्सी.

त्याचं म्हणणं तिसरंच आहे. त्याला आयटीआयला फिटर ट्रेड घ्यायचाय. दोन वर्षं झाली, सुट्टी लागली की तो शेजारच्या काकांबरोबर मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) त्यांच्या शेडवर जातो. गेल्या महिन्यात आमच्या इमारतीची पाण्याची मोटर नुसती घूं घूं करून बंद पडायची. मिस्त्री दोन दिवस आलाच नाही. यानं पंप उघडला, इंपेलरमध्ये अडकलेला सुतळीचा गुंता काढला, ग्लँडची दोरी बदलली आणि संध्याकाळी सहा बिऱ्हाडांना पाणी आलं. त्या दिवशीचा त्याचा चेहरा मी निकालाच्या दिवशी पाहिला नाही.

घरी मात्र कठीण आहे. सासरे एम.एस.चे पदवीधर, हे पदवीधर, मी पदवीधर. ह्यांनी एकच वाक्य उच्चारलं, ‘आता फिटर?’ सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्याचं पान वाढून उठून जातात.

मला खरंच जाणून घ्यायचंय. कॉलेज केलं नाही तर पुढे माणसाचं नेमकं कुठे अडतं? ज्यांनी भोगलंय किंवा पाहिलंय त्यांनी लिहा.

माया_कारेलीबाग
त्याला अभ्यास जड गेला म्हणून तो हे म्हणतोय का? तसं असेल तर आयटीआयतही थिअरी आहे, वर्कशॉप कॅल्क्युलेशन आहे, ड्रॉईंग आहे. तिथंही सुटका नाही.

वैदेही_दांडियाबाजार
मायाताई, हाच प्रश्न मी त्याला विचारला. गणितात ७८ आहेत. केमिस्ट्रीनं घात केला. ड्रॉईंगची वही मात्र बघण्यासारखी आहे.

शेडवाला
ताई, माझी मकरपुऱ्यात २२ वर्षं शेड आहे. तीन लेथ, एक मिलिंग, मागच्या वर्षी कर्ज काढून व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) घेतलं. मला विचाराल तर कामाला माणूस मिळत नाही हीच माझी सगळ्यात मोठी अडचण आहे. मशीनसमोर उभा राहून बटण दाबणारे पुष्कळ मिळतात. पण ड्रॉईंग वाचून, टूल लावून, पहिला पीस मापात काढून देणारा सेटर मिळाला की आम्ही त्याला जपतो. माझ्याकडचा सेटर आयटीआयचा आहे आणि त्याचा पगार माझ्याकडच्या दोन्ही डिग्रीवाल्यांपेक्षा जास्त आहे.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ते पाप मला लागेल. माझ्यासारख्या शेडमध्ये वरची जागाच नसते. पस्तिशीला माणूस जिथे पोचतो, पन्नाशीलाही तिथेच असतो. पाठ धरते, डोळे जातात. तेव्हा त्याच्याकडे दुसरं काही नसेल तर हाल होतात. मी असे दोघं पाहिलेत आणि दोघंही माझ्यापेक्षा चांगले कारागीर होते.

निवृत्त_क्वार्टरवाला
माझं उदाहरण घ्या. दहावीनंतर आयटीआय, मग अप्रेंटिस, मग एका मोठ्या सरकारी कारखान्यात कायम. निवृत्त झालो तेव्हा सीनियर टेक्निशियन. क्वार्टर मिळालं, दवाखाना मिळाला, दोन्ही मुलं शिकली. १९६२ ला खताचा कारखाना, १९६५ ला रिफायनरी, १९६९ ला पेट्रोकेमिकल्सची आयपीसीएल, अशी एकामागून एक रांग लागली होती. पंचवीस-तीस वर्षं या गावात आयटीआयच्या मुलाला मुली सांगून येत.

ते दिवस तसेच राहिलेले नाहीत. आता मोठ्या कारखान्यांत पुष्कळशी कामं ठेकेदाराकडून होतात. अप्रेंटिस घेतात, कारण १९६१ चा कायदा आहे, पण वर्ष संपलं की कायम करतीलच असं नाही. मुलाला आमच्या काळाच्या गोष्टी सांगून पाठवू नका एवढंच म्हणणं.

भरती_विभाग
मी गेली चौदा वर्षं भरतीचं काम करते, बहुतेक सगळं वाघोडिया आणि सावली पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी. वैदेहीताई, तुमच्या नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर देते.

अडतं ते सुपरवायझरच्या जागेवर. बहुतेक ठिकाणी तिथून वर किमान डिप्लोमा मागतात. अर्ज आधी संगणकावरच गाळले जातात, माणूस किती चांगला आहे हे बघायची वेळच येत नाही. बँकेची ऑफिसरची परीक्षा, यूपीएससीची सिव्हिल सर्व्हिसेस, तिथे पदवी लागतेच, विषय कुठलाही असो. उलट रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला दहावी आणि ठरावीक ट्रेडचं आयटीआय चालतं.

पण दार कायमचं बंद होत नाही. आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्याला आपल्याकडे सी टू डी म्हणतात. डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला, ते डी टू डी. म्हणजे दोन, दोन आणि तीन, सात वर्षं. थेट डिग्रीला चार. तीन वर्षं जास्त लागतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून सांगते. बारावी सायन्स झालेल्यालासुद्धा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, तंत्रशिक्षणाचे नियम करणाऱ्या एआयसीटीईच्या नियमात तशी सोय आहे. तुमचा मुलगा आजच दोन वर्षांत डिप्लोमा होऊ शकतो. एम.एस.च्या पॉलिटेक्निकमध्ये जाऊन चौकशी करा.

चारवर्षं_मेकॅनिकल
मी खाजगी कॉलेजातून २०१६ ला बाहेर पडलो. प्रवेशाच्या वेळी फाटकावर फलक होता, शंभर टक्के प्लेसमेंट. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना मिळाली ती कॉल सेंटरची नोकरी. पुस्तकातला लेथ मी पाठ केला होता, खरा लेथ हाताला लागला तिसऱ्या वर्षी, आणि तोही पंधरा जणांत एक. बाबांनी पीएफमधून पैसे काढले होते. त्या फलकावर माझा अजून राग आहे.

तरी मी कॉलेज वाया गेलं म्हणणार नाही. आज मी एचव्हीएसी, म्हणजे वातानुकूलनाच्या डिझाइनमध्ये आहे. हवेचा भार काढताना, डक्टचं माप ठरवताना जे लागतं ते थर्मोडायनॅमिक्स मला एका सरांनी शिकवलं, आणि त्यांनी ते असं शिकवलं की दहा वर्षांनीही डोळ्यांसमोर उभं राहतं. चार वर्षांत तो एकच शिक्षक भेटला. पण भेटला.

सेवउसळ_तिखट
+१ शेडवाला. धागा वाचता वाचता भूक लागली. मकरपुऱ्याहून सुटलं की कीर्तिस्तंभापाशी सेवउसळीला थांबणारे कोण कोण आहेत इथे?

शेडवाला
@सेवउसळ_तिखट, शनिवारी पगार झाला की आमची अख्खी शेड. उसळीची झणझणीत तर्री वेगळी मागून घ्यायची, पातीचा कांदा वर.

संकल्पभूमी
सगळं वाचलं. एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील नववीत असताना त्यांच्या शिक्षकांनी आजोबांना बोलावून सांगितलं, ‘तुमच्यातली मुलं हातकामात हुशार असतात, याला कामाला लावा.’ वडील वर्गात तिसरे होते. त्यांना कामाला लावलं. आमच्या घरात ‘हातात कला आहे, शिकायची काय गरज’ हे वाक्य कौतुक म्हणून कधीच ऐकलं गेलेलं नाही. मी घरातली पहिली पदवीधर. माझं पदवीचं प्रमाणपत्र वडिलांनी काचेत बसवून दारासमोरच्या भिंतीवर लावलंय, येणाऱ्याच्या नजरेला पहिलं तेच पडावं म्हणून.

१९१३ साली बाबासाहेब याच बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला आले तर एवढ्या शिकलेल्या माणसाला या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत उतरले तर तिथूनही बाहेर काढलं. कमाटीबागेत जिथे ते झाडाखाली बसले होते ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आपण जपतो. दरवर्षी त्या दिवशी, २३ सप्टेंबरला, मी तिथे जाते.

वैदेहीताई, तुमचा मुलगा मनापासून म्हणत असेल तर जरूर करू द्या. पण ज्या घरात दोन पिढ्या पदवीधर आहेत तिथे ‘कॉलेज नको’ म्हणणं सोपं आहे. उद्या तो फिटर झाला तरी त्याच्याशी कोणी अरेतुरे करणार नाही, आडनाव आणि घर पाठीशी उभं असेल. ज्यांच्या पाठीशी ते नाही, त्यांना या धाग्यावरून ‘डिग्रीत काही नाही’ असा सल्ला जाऊ नये.

शेडवाला
@संकल्पभूमी, ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझ्या पहिल्या प्रतिसादात हे यायला हवं होतं. शेडमध्ये कोणाला खुर्ची मिळते आणि कोणाला स्टुलावर बसवतात हे मी रोज पाहतो, आणि मला कधी लिहावंसं वाटलं नाही.

जुनं_बडोदं
संकल्पभूमीताईंच्या प्रतिसादाला धरूनच थोडं जुनं सांगतो.

सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं, तेव्हा सुतारकाम, विणकाम, रंगाई, चित्रकला, यंत्रकाम असे विषय रीतसर शाळा काढून शिकवायचे हीच मोठी गोष्ट होती. पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर, स्वतः रसायनशास्त्राचे. शिकवणं देशी भाषेत व्हावं हा त्यांचा हट्ट, कारण रंगाऱ्याच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून रसायन कळू नये हे त्यांना पटत नव्हतं. दादासाहेब फाळके जे.जे.तून निघून शिकायला आले ते याच कलाभवनात. १९४९ साली विद्यापीठ झालं, पुढे त्याच इमारतीत तंत्रज्ञान शाखा भरू लागली. म्हणजे आज ज्या घुमटाखाली बी.ई.चे वर्ग भरतात, तिथे एके काळी सुतार शिकत होते.

आणि हे करणारे राजे सयाजीराव म्हणजे मूळचा कवळाण्याचा गोपाळराव. १८७५ साली दत्तक आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यानंच १८९३ ला अमरेलीत आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे आधी प्रत्येकाच्या हातात पाटी, त्याच्या जोडीनं कलाभवन. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, म्हणून मला ‘कॉलेज की हातकाम’ हा प्रश्न निदान बडोद्यात तरी विचारायला जड जातो.

माया_कारेलीबाग
काका, सुंदर लिहिलंत. पण तेव्हाचे कलाभवनवाले आणि पदवीवाले एकाच पंगतीला बसत होते का?

जुनं_बडोदं
नाही. नसावेत.

श्टुटगार्टकर
बडोद्याचाच, सध्या जर्मनीत. इथे शाळा संपल्यावर आउसबिल्डुंग म्हणून असतं. साधारण तीन ते साडेतीन वर्षं, आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम, काही दिवस शाळा, आणि कंपनी पगार देते. माझा वरिष्ठ असाच शिकून माइस्टर (उस्ताद कारागीर) झालाय आणि आम्ही डिग्रीवाले त्याला विचारल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. परदेशी मुलांनाही घेतात, पण जर्मन भाषा साधारण बी-वन पातळीपर्यंत आलीच पाहिजे. एजंटला लाखो रुपये देऊ नका, कंपन्या थेट अर्ज घेतात.

वेल्डर_भाऊ
मी वेल्डर, एक वर्षाचा ट्रेड. आखातात नऊ वर्षं काढली. तिथे डिग्री कोणी विचारली नाही, सिक्स जी टेस्ट विचारली. पाइप पंचेचाळीस अंशात पक्का बांधून ठेवतात, आपण त्याच्याभोवती फिरून वेल्ड मारायचा, मग त्याचा एक्स-रे काढतात. एक्स-रेत बुडबुडा दिसला की गेलं. नापास झालो तेव्हा रडलो होतो, तिसऱ्यांदा पास झालो. परत आल्यावर इग्नूतून बी.ए. केलं, कारण मुलगी शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं शिक्षण लिहिताना अडायची. मला ते फार लागायचं.

आजवा_रोड
विषय निघालाच आहे तर. माझ्या पुतण्याचं फिटर झालंय, पगार उत्तम, स्वतःचं घर. लग्नासाठी नाव नोंदवलं तर ‘शिक्षण: आयटीआय’ वाचून पुढचं कोणी वाचतच नाही. बारा हजारांवर काम करणारा बी.कॉम. मुलगा चालतो. वैदेहीताईंच्या सासूबाई पान वाढून का उठतात ते मला कळतं. त्यांना नातवाच्या पगाराची काळजी नाही.

भरती_विभाग
@आजवा_रोड, हे खरं आहे, आणि बदलायचं असेल तर मुली बघणाऱ्या आपणच आहोत.

फिटर_निदेशक
मी आयटीआयमध्ये फिटर शिकवतो. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो.

ट्रेड घ्यायच्या आधी मुलाला पहिले दोन महिने कसे असतात ते कळू द्या. पहिले आठवडे फक्त कानस. माइल्ड स्टीलचा तुकडा शेगड्यात (वाइसमध्ये) बांधायचा आणि घासायचा. कानशीत कण अडकू नयेत म्हणून तिला खडू चोळायचा. एक बाजू सपाट झाली की दुसरी तिच्याशी काटकोनात आणायची. काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. खालून उजेडाची रेघ दिसली की परत शेगड्यात. मुलं विचारतात, सर, मशीनवर हे दोन मिनिटांत होतं, आम्ही का घासतोय? मी सांगतो, मशीन चुकलं तर ते तुझ्या हाताला आधी कळलं पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात काही मुलं यायची बंद होतात. काहींची मात्र जेवणाची सुट्टी झाली तरी मान वर होत नाही. तुमचा मुलगा कुठल्यांतला आहे ते कोणाच्या सल्ल्यानं कळणार नाही. त्याला एक अख्खा दिवस घासायला लावा. पंप उघडणं वेगळं, त्यात संध्याकाळी पाणी येतं. कानशीच्या कामात संध्याकाळी काहीच येत नाही.

संकल्पभूमीताई, माझ्या वर्गात दरवर्षी अशी चार-पाच मुलं असतात जी डिग्रीला जायला हवी होती आणि घरची परिस्थिती नव्हती. त्यांना मी सी टू डीचे फॉर्म स्वतः भरून देतो.

वैदेही_दांडियाबाजार
बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद रात्री ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवले. संकल्पभूमीताई, तुमचा वाचताना हे मधेच उठून गॅलरीत गेले. परत येऊन म्हणाले, पुढे वाच.

निदेशक सरांनी सांगितल्याप्रमाणे केलं. शेजारच्या काकांनी त्यांच्या शेडवर रविवारी एक तुकडा बांधून दिला, ७५ बाय ५० मिलिमीटरचा. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. दुपारी मी डबा घेऊन गेले, हेही आले. उजव्या तळव्याला दोन फोड आलेले, एक फुटलेला. मला वाटलं आता म्हणेल, पुरे. त्यानं गुण्या ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, बाबा, बघा ना, या कोपऱ्यात अजून उजेड दिसतोय का. ह्यांनी चष्मा वर केला, तुकडा खिडकीकडे धरला, फिरवला, परत धरला. म्हणाले, थोडासा, डावीकडे. मग पाऊण तास दोघं त्याच कोपऱ्याशी होते. मी डबा तसाच घेऊन बसले होते.

आयटीआयचा फॉर्म भरला, पहिली पसंती फिटर. ह्यांची अट एकच, दोन वर्षांनी सी टू डी करायचं, आणि त्यानं हो म्हटलंय. भरती_विभाग ताई, थेट डिप्लोमाचं त्याला सांगितलं, आम्ही पॉलिटेक्निकमध्येही जाऊन आलो. तो म्हणतो तसं गेलो तर हात कच्चा राहील.

सासूबाई अजून उठून जातात. पण काल फोडांना हळद लावून दिली.

भरती_विभाग
अभिनंदन ताई. तरी माझं मत तेच आहे, त्याची दोन वर्षं वाचली असती. डिप्लोमा करून शनिवार-रविवार शेडवर गेला असता तरी हात तयार झाला असता. अजून वेळ आहे, पॉलिटेक्निकचा फॉर्मही भरून ठेवा.

शेडवाला
माझं उलट मत आहे, पण फॉर्म भरून ठेवायला काहीच हरकत नाही.

संकल्पभूमी
ताई, दोन वर्षांनी याच धाग्यावर लिहा, सी टू डीचा फॉर्म भरला की नाही. अट विसरली जाते. पहिला पगार हातात आला की सगळ्यांचीच विसरली जाते.

वैदेही_दांडियाबाजार
लिहीन. नक्की लिहीन.

नवीन_सभासद_गोरवा
उशिरा विचारतेय. माझी मुलगी दहावी झाली आहे, ६८ टक्के. इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्यायचा म्हणतेय. मुलींना घेतात का? वर्गात एकटीच असली तर?

फिटर_निदेशक
घेतात ताई, राखीव जागाही आहेत. दोन वर्षांचा ट्रेड आहे. आमच्याकडे यंदा इलेक्ट्रिशियनच्या वर्गात तीन मुली आहेत, म्हणजे एकटी नसेल. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि लागू असेल तर जातीचा दाखला घेऊन तिला सोबत आणा. सकाळी अकराच्या आत या, तेव्हा प्रात्यक्षिक चालू असतं, तिला वायरिंगचे बोर्ड बघता येतील.